किरणोपचार, लघवीचा त्रास आणि औषधांचे साहाय्य

(राइट टाउन, जबलपूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. लघवीच्या तक्रारीसंबंधी बोलताना आपण मराठी माणसे आवाज खाली आणतो. शाळेत करंगळी दाखवून भागत असे. पुढे ‘लघुशंका’ या संस्कृत शब्दाचा आडोसा मिळाला. आणि म्हातारपणी तर शब्दच नाहीसा होतो. गृहस्थ गोल बाजारातील कार्यक्रमास गेले की दाराजवळची खुर्ची धरतात, लांबचा प्रवास टाळतात, दुपारनंतर पाणी पीत नाहीत. पण कारण कोणास सांगत नाहीत. एरवी हा संकोच फारसा घातक नसतो. तथापि अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘प्रोस्टेट’ म्हणतो त्या ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना तो महागात पडतो. कारण त्या वेळी होणारा त्रास बहुतांशी अपेक्षित असतो, त्यावर औषधे असतात, आणि ती मिळण्यासाठी रोग्याला एकच गोष्ट करावी लागते. ती म्हणजे सांगणे.

मी वैद्य नाही. विज्ञानविषयक पुस्तके मराठीत आणणे हे माझे काम. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही व तसा माझा प्रयत्नही नाही. परंतु वैद्य काय विचारतात, का विचारतात आणि आपण कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे, हा प्रश्न पुष्कळसा भाषेचा आहे, आणि तेवढ्यापुरते बोलण्यास भाषांतरकाराची हरकत नसावी.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीतील मूळ शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘पुढे उभा असलेला’ असा आहे. त्यावरून हिंदीत ‘पुरःस्थ ग्रंथि’ ही संज्ञा बनविण्यात आली. मराठीत ‘अष्ठीला’ हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न झाला. हा शब्द आयुर्वेदातला आहे. सुश्रुताने मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, जे बारा प्रकार वर्णिले आहेत त्यांत अष्ठीला हा एक आहे. गोल दगडासारखी टणक गाठ असा त्याचा आशय. दोन्ही शब्द बोधप्रद आहेत. पहिला स्थान सांगतो, दुसरा उपद्रव सांगतो.

ही ग्रंथी साधारण अक्रोडाएवढी असून मूत्राशयाच्या तोंडाशी, अगदी खाली, बसलेली असते. मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. मण्यातून दोरा ओवावा तसा हा प्रकार आहे. यामुळेच ग्रंथीवर किरण सोडायचे तर मूत्रमार्गाचा तेवढा भाग आणि मूत्राशयाचा तळ यांना त्यांची झळ लागल्यावाचून राहत नाही. यंत्र कितीही अचूक असो, दोरा वगळून केवळ मणी तापविता येत नाही.

किरणोपचार एकाच दिवसात उरकत नाहीत. सर्वसाधारण पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे सात ते आठ आठवडे ते चालत. मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेल्या व 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी करून असे दाखविण्यात आले, की रोजची मात्रा वाढवून चार आठवड्यांत वीस बैठकांत उपचार पुरे केले तरी रोगनियंत्रणात उणेपणा येत नाही. त्यानंतर निवडक रोग्यांसाठी केवळ पाच बैठकांची पद्धतही आली. बैठका कमी झाल्या म्हणून लघवीचा त्रास मात्र नाहीसा झाला नाही; त्याचे वेळापत्रक तेवढे बदलले.

हे वेळापत्रक समजून घेण्यासारखे आहे. काही आठवडे चालणाऱ्या उपचारांत पहिले आठ-दहा दिवस बहुधा काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला वरचेवर जावेसे वाटू लागते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, जळजळ होते, धार बारीक होते, आणि लागली की थांबवत नाही. अस्तराला सूज आल्यामुळे हे घडते. उपचाराच्या अखेरीस किंवा तो संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत त्रास सर्वाधिक असतो; नंतर काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत, तो ओसरतो. ज्यांना आधीपासूनच ग्रंथी वाढल्यामुळे लघवीची तक्रार होती, त्यांना हा काळ अधिक कठीण जातो.

त्रास टाळण्यासाठी किरणांचे क्षेत्र लहान ठेवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु येथे एक देवघेव आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 ते 2017 या काळात 224 रोग्यांवर एक चाचणी केली. रोग पसरण्याचा धोका अधिक असलेल्या या रोग्यांपैकी निम्म्यांना केवळ ग्रंथीच्या परिसरात आणि निम्म्यांना ओटीपोटातील लसीका ग्रंथींसह विस्तृत भागावर किरण देण्यात आले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांच्या अखेरीस रक्ततपासणीत रोग उलटल्याची खूण न दिसण्याचे प्रमाण विस्तृत क्षेत्र घेतलेल्यांत 95 टक्के, तर मर्यादित क्षेत्र घेतलेल्यांत सुमारे 81 टक्के होते. मात्र विस्तृत क्षेत्र घेतलेल्यांमध्ये लघवीचे उशिरा उद्‍भवणारे मध्यम वा अधिक तीव्रतेचे त्रास दुपटीहून अधिक आढळले. म्हणजे रोगावर अधिक पकड मिळविण्याची किंमत काहींना लघवीच्या त्रासाच्या रूपाने द्यावी लागते. अशा वेळी त्रास कमी करणाऱ्या औषधाला दुय्यम म्हणता येणार नाही. मुख्य उपचार तडीस नेण्याचे ते साधन आहे.

आता वैद्य काय विचारतात ते पाहू. 1992 साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांनी सात प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. ती पुढे जगभर स्वीकारली गेली. गेल्या महिन्याभरात अमुक गोष्ट किती वेळा घडली, असा तिचा रोख असतो आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण असतात. हे सात प्रश्न साध्या मराठीत असे सांगता येतील: लघवी करून आल्यावरही पूर्ण झाली नाही असे वाटते का? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का? लागल्यावर थोपवून धरणे जड जाते का? धार बारीक झाली आहे का? सुरू होण्यासाठी कुंथावे लागते का? आणि रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठावे लागते? एकूण 35 पैकी सातपर्यंत गुण असल्यास त्रास सौम्य, आठ ते एकोणीस असल्यास मध्यम आणि वीस वा अधिक असल्यास तीव्र समजतात.

या पत्रिकेचे महत्त्व असे, की ‘लघवीचा त्रास होतो’ या एका वाक्यात दोन परस्परविरुद्ध गोष्टी दडलेल्या असतात. एकाची लघवी नीट बाहेर पडत नाही. दुसऱ्याची आत राहत नाही. पहिल्यात वाट अडलेली असते, दुसऱ्यात मूत्राशय चिडलेले असते. दोहोंची औषधे निराळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करू शकते. म्हणून नुसते ‘त्रास आहे’ म्हणू नये. ‘रात्री चार वेळा उठतो, पण धार चांगली आहे’ किंवा ‘पाच मिनिटे उभा राहतो, मग थेंब थेंब येते’ असे सांगावे. ही शिष्टाचाराला सोडून असलेली भाषा नव्हे. औषधाची निवड बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

औषध देण्यापूर्वी लघवीची तपासणी करतात. जळजळ किरणांमुळे आहे की जंतुसंसर्गामुळे, हे नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही. संसर्ग असेल तर प्रतिजैविके हवीत. नसेल तर ती निरर्थक होत.

किरणोपचाराच्या काळात सर्वांत अधिक वापरला जाणारा औषधांचा वर्ग म्हणजे आल्फा-रोधक. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही त्यांतील नावे आपल्या औषधपेढ्यांत परिचित आहेत. मूत्राशयाच्या तोंडाशी व ग्रंथीमध्ये अनैच्छिक स्नायूंचे तंतू असतात. मज्जातंतूंकडून येणाऱ्या संदेशाने ते आवळलेले राहतात. ही औषधे त्या संदेशाची वाट अडवितात. स्नायू सैल पडतात आणि धार मोकळी होते. सूज त्यांनी उतरत नाही, रोगावर त्यांचा काही परिणाम नाही; परंतु अरुंद झालेल्या वाटेतील आवळ कमी झाल्याने काही दिवसांतच आराम वाटू लागतो. न्यूयॉर्क येथे झालेल्या व 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किरणोपचार चालू असताना लघवीचा त्रास होणाऱ्यांना याच वर्गातील टेराझोसिन हे औषध साध्या दाहशामक गोळ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक गुणकारी ठरले.

मग त्रास सुरू होण्याची वाट न पाहता आधीपासूनच ही गोळी का देऊ नये? हा प्रश्नही तपासला गेला आहे. किरणोत्सर्गी कण ग्रंथीतच रोवण्याच्या पद्धतीत काही रोग्यांना आधीपासून टॅमसुलोसिन देऊन पाहण्यात आले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत लघवी पूर्णपणे तुंबण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय घटले नाही; पाचव्या आठवड्याच्या सुमारास तक्रारी मात्र कमी आढळल्या. म्हणजे औषध उपयोगी आहे, पण ते अभेद्य कवच नव्हे. कोणास आधीपासून द्यावे आणि कोणास त्रास दिसल्यावर, हे ज्याचे त्याचे वैद्य ठरवितात.

या औषधांसंबंधी काही पथ्ये सांगितली पाहिजेत. उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. विशेषतः जे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात त्यांना. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर क्षणभर बसावे, दिवा लावावा, मग पाय टाकावा. लघवीचा त्रास कमी करण्यासाठी घेतलेल्या गोळीने मांडीचे हाड मोडून घेण्यात शहाणपण नाही. नाक चोंदणे व वीर्यस्खलनात फरक पडणे हेही घडते. दुसऱ्या गोष्टीचे भय बाळगू नये, मात्र लैंगिक दौर्बल्यावरील गोळी घेत असल्यास ती वैद्यांपासून लपवू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत या औषधांमुळे डोळ्यातील बुबुळाचा पडदा ढिला पडतो, असे 2005 साली दोन अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी निदर्शनास आणले. ज्या वयात ही गोळी लागते त्याच वयात मोतीबिंदूही पिकतो. पूर्वी कधी गोळी घेतली असली तरीही ते नेत्रतज्ज्ञांस आधी सांगावे. मग ते योग्य ती दक्षता घेतात.

दुसरा वर्ग चिडलेल्या मूत्राशयास शांत करणाऱ्या औषधांचा. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही जुनी व मधली नावे. लागताच धावावे लागते, पण मूत्राशय पूर्ण रिकामे होते, अशांना ती लाभतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही, काचबिंदूच्या काही प्रकारांत ती वर्ज्य असतात, आणि वृद्धांमध्ये कधी कधी स्मृती व भान यांवर परिणाम होतो. आजोबा एकाएकी विसराळूपणे वागू लागले तर वयाला दोष देण्याआधी नवीन गोळी कोणती सुरू झाली हे पाहावे. वाट अडलेली असताना ही औषधे घेतल्यास लघवी तुंबण्याचा संभव असतो. मिराबेग्रॉन हे तुलनेने नवे औषध. 2011 साली ते प्रथम जपानमध्ये मान्य झाले. त्याने तोंड कोरडे पडण्याचा त्रास कमी असतो, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. जळजळीसाठी लघवीची आम्लता कमी करणारी पातळ औषधे किंवा थोडे दिवस फेनाझोपिरिडिन देतात. या दुसऱ्या औषधाने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे हे ठाऊक असलेले बरे.

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण होऊन घेऊ नये, याला केवळ सर्वसाधारण सावधगिरीपेक्षा अधिक सबळ कारण आहे. बाजारात टॅमसुलोसिनसह ड्युटास्टराइड असलेल्या संयुक्त गोळ्या सर्रास मिळतात. त्या ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी असतात. ड्युटास्टराइडमुळे रक्तातील पी. एस. ए. हा घटक काही महिन्यांत सुमारे निम्म्यावर येतो. कर्करोगाच्या रोग्याचा पुढील सारा मागोवा याच घटकावर अवलंबून असतो. वैद्यांच्या नकळत घेतलेली अशी गोळी त्यांच्या हातातील मोजपट्टीच खोटी करते.

औषधाइतकेच पाण्याविषयीचे गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. वरचेवर जावे लागते म्हणून पाणी तोडणे हा सर्वांत सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय. लघवी दाट होते आणि सुजलेल्या अस्तराला अधिक झोंबते. पाणी दिवसभरात विभागून प्यावे, सायंकाळनंतर बेताने. चहा-कॉफी कमी करावी. शिवाय बऱ्याच ठिकाणी किरण देतेवेळी मूत्राशय बेताचे भरलेले असावे असा आग्रह असतो. भरलेले मूत्राशय वर उचलले जाते, त्याची बरीचशी भिंत व आतडी किरणांच्या वाटेतून बाजूस सरतात. ज्याला दहा मिनिटेही लघवी धरवत नाही तो यंत्रापुढे रिकाम्या मूत्राशयाने झोपतो, आणि संरक्षणाची ती सोय गमावून बसतो. त्रास न सांगितल्याने पुढील त्रासाची शक्यता वाढते ती अशी.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मध्येच बैठका चुकविणे. ‘चार दिवस विश्रांती घेतो, मग पुन्हा येतो’ असे म्हणून घरी बसणारे रोगी असतात. किरणोपचाराची सारी आखणी सलगपणावर उभी असते. काही कारणाने खंड पाडायचाच तर तो उपचार करणाऱ्यांनी पाडावा, रोग्याने नव्हे.

आपल्या शहराच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. 1956 पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. प्रांत वेगळे झाले तरी नातीगोती राहिली. आज येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात कर्करोगावरील उपचारांची सोय आहे. तरीही बरीच मराठी कुटुंबे मुलाबाळांच्या आधाराने नागपूरला, पुण्याला किंवा सुमारे एक हजार किलोमीटरवरील मुंबईला जातात. तेथे शेवटची बैठक होते, सामान बांधले जाते आणि रोगी घरी परततो. मघाशी सांगितलेले वेळापत्रक आठवावे: त्रास सर्वाधिक असतो तो नेमका या वेळी. ज्यांनी उपचार केले ते दूर राहिलेले असतात. येथील वैद्यांना आधीचे काही ठाऊक नसते. आणि रोग्याची समजूत अशी, की उपचार संपले, आता त्रास वाढतो आहे, त्या अर्थी रोगच उलटला. ही भीती मी निराधार म्हणते ती एवढ्याचसाठी, की हा त्रास सुजेचा असतो आणि तो बहुधा ओसरतो.

म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात: किरणांच्या किती बैठका झाल्या, कोणती औषधे चालू आहेत, ती केव्हा थांबवायची, आणि अडचण आल्यास कोणास कळवायचे. येथील वैद्यांशी बोलणे हिंदीत होणार. तेव्हा ‘थेंब थेंब’ म्हणजे ‘बूँद-बूँद’ आणि ‘धरवत नाही’ म्हणजे ‘रुकता नहीं’ एवढे शब्द तयार ठेवले की पुरे.

तीन प्रसंगी मात्र गोळ्यांवर विसंबून राहू नये. लघवी साफ बंद होऊन ओटीपोट फुगले व दुखू लागले तर ती तातडीची बाब आहे. रात्र असली तरी रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्यावी. हुडहुडी भरून ताप आला तर थांबू नये. आणि लघवीतून रक्ताच्या गुठळ्या जाऊ लागल्या तर त्याच दिवशी दाखवावे. काहींना उपचारानंतर कित्येक महिन्यांनी वा वर्षांनी लघवीत रक्त दिसते किंवा मूत्रमार्ग आकसून धार बारीक होते. तेव्हा जुनीच गोळी पुन्हा सुरू करून भागत नाही. तपासणी आवश्यक असते.

भगिनींना एक विनंती. घरातील पुरुष रात्री किती वेळा उठतो हे त्याच्याइतकेच, कधी त्याच्याहून अधिक, आपणांस ठाऊक असते. वैद्यांच्या खोलीत तो ‘तसा काही विशेष त्रास नाही’ असे म्हणाला, तर आकडा आपण सांगावा. त्यात त्याचा अवमान नाही. त्या आकड्यावरून एखादी साधी गोळी मिळते, झोप लागते, आणि राहिलेल्या बैठका पुऱ्या होतात.

 येथून घरी गेल्यावर ज्याला गरज आहे अशा एका माणसापाशी जरी शांतपणे हा विषय निघाला, तरी आजची सभा कारणी लागली असे मी समजेन.